नऊची की साडेदहाची

४ जून, बुध.

बोर्ड खाली उतरवला. एकोणीस महिने बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये वरच्या दांडीवर होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. चादरीच्या घडीत पालीची अंडी. नऊ फूट दोन इंच. इतका लांब आहे हे विसरलेच होते. दारातून तिरपा काढावा लागला. बाबा खाटेचा पाय ठोकत होते. बघितलं, परत ठोकू लागले.

कारण, सकाळी सेल्वी अक्काचा फोन. चार वर्षं जिच्याकडे किनाऱ्यावर राहून सर्फिंग शिकले, मग पर्यटकांना शिकवलंही, ती. १४ ते १६ ऑगस्टला तिच्याच गावच्या किनाऱ्यावर लाँगबोर्डची खुली स्पर्धा आहे. बायकांमधल्या पहिल्या चौघींना वर्षभराच्या सराव शिबिरात घेणार. नाव पंधरा जूनच्या आत. अक्काची हिंदी मोजकी. "आना है तो पूरा आना. आधा मत आना."

मी एकोणतीसची. पोंभुर्ण्याहून समुद्र कुठल्याही बाजूने दिवसभराच्या प्रवासावर. गेल्या एकोणीस महिन्यांत पोहले ते फक्त तलावात.

पूरा जायचं. ठरलं.

बोर्डाच्या पोटाला, शेपटीकडे, फिन बसवायची लांब खाच असते. ती रिकामी आहे. फिन त्याच दिवशी तुटली होती. त्या दिवसाचं आज लिहीत नाही.

६ जून, शुक्र.

दुपारभर आकडे. साधा हिशेब असा की बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. म्हणजे सव्वानऊ. माझं वजन एकोणपन्नास किलो, म्हणून त्याहून थोडी लहान चालते. नऊ. पण वहीत तीनदा साडेदहा लिहिलं. मोठी फिन पाणी घट्ट धरते. मला घट्टच हवी आहे.

संध्याकाळी बाबा बोर्डाजवळ उकिडवे बसले. खाचेत बोट फिरवलं. हे कायचं होय, विचारलं. समुद्राबद्दल त्यांनी आपणहून काही विचारायची ही पहिली वेळ. मी पोलीस भरती सोडून किनाऱ्यावरच्या हॉटेलात नोकरीला गेले, तेव्हापासून तो विषय घरात बंदच होता. आई इथे असती तर तिने मध्ये पडून बदलला असता, पण ती कोरपन्याला ताईच्या बाळंतपणाला गेली आहे.

सांगितलं, यात एक उभं पातं बसते.

"मंग त्यानं वळवता का तुमी?"

"नाई बाबा. वळवतो पायानं. लाट आडवी ढकलते ना, तवा मागची बाजू घसरू नये म्हून ते धरून ठेवते."

खाचेची लांबी वितीने मोजली. मग म्हणाले, सागवानाचं जमन का?

११ जून, बुध.

अक्काने फिनच्या आकारांचे फोटो पाठवले. खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन काढल्या. साडेदहाची आणि नऊची. दोन्ही सरळ उभ्या, टोकाला रुंद. अशी फिन बोर्डाला जागच्या जागी वळू देते आणि आपण पुढे बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे टोकाकडे, चालत गेलो की शेपूट खाली धरून ठेवते. मागे झुकलेली फिन लांब वळणांना बरी. मला चालत पुढे जायचं आहे, लाँगबोर्डला जास्त गुण त्याचेच. लांब वळणं नकोत.

बाबांनी पुठ्ठे उलटसुलट करून बघितले. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान काढलं, तीस वर्षं वाळलेलं. कोणती पहिली, विचारलं. मी म्हटलं मोठी.

१४ जून, शनि.

नाव नोंदवलं. अक्काचं उत्तर: एक अंगठा.

मोठी फिन मोडली. बाबांनी काल कापली, रंध्याने तासली, दिसायला देखणी. आज शिकंज्यात बूड धरून त्यांनीच टोकाला हाताने रेटा दिला. कटकन गेली. आडवी, बुडाजवळ. लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या होत्या. खुर्चीच्या पाठीला असंच कापतात, त्याच सवयीने हात गेला म्हणाले. तुकडे कोपऱ्यात ठेवले आणि चहा न घेताच नवीन पट्ट्या फाडायला बसले. आता रेषा बुडातून टोकाकडे, पट्ट्या एकमेकींना चिकटवून. वरून फायबरचं कापड लावू. चंद्रपुरात पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडून कापड आणि रेझिन आणायचं.

मी म्हटलं, राहू द्या, विकतची मागवते. म्हणाले, तू तुहं काम कर.

१९ जून, गुरु.

फिन झाली तरी लाट कुठे आहे? तीन दिवस हेच डोक्यात. शेवटी धरणाच्या तलावावर गेले, घरून बारा किमी. रस्त्यात जंगल. वाघीण पिल्लांसह आहे, म्हणून सहाच्या आधी कोणी निघत नाही.

तिथे मच्छीमार सोसायटीची एक मोटरबोट आहे. ती चालवतात शेवंताबाई. वय पन्नास-पंचावन्न. नवरा गेल्यावर त्याच्या जागी सोसायटीत आल्या. पहिले जाळं ओढलं, मग इंजिन शिकल्या. मी सांगितलं, बोटीच्या मागे दोर बांधायचा, मी दोर धरून बोर्डावर उभी राहणार, तुम्ही ओढत न्यायचं. समुद्राची लाट नाही होणार, पण फिनवर जोर येईल, पाणी कसं धरते ते पायाला कळेल.

त्यांनी विचारलं, आणि पडली तर? म्हटलं, पडनच. पोहता येते. हसल्या नाहीत. अटी घातल्या. जॅकेट घालायचं. जाळी लावली त्या बाजूला जायचं नाही. रविवारीच, सकाळी. आणि तलावात माशांचं बीज सोडायच्या दिवशी मदतीला यायचं. सगळं कबूल.

२२ जून, रवि.

पहिला दिवस. पट्ट्यांची नवी साडेदहाची फिन, खाचेत पार मागे सरकवलेली. स्क्रू मी आवळला, परत आवळला, बोटीत चढता चढता तिसऱ्यांदा हात लावून बघितला.

उठले, पडले. उठले, पडले. चौथ्यांदा उभी राहिले ती राहिलेच. पायाखाली तो आवाज, बोर्ड पाणी कापत जातो तो. रडू आलं, तोंडावर पाणी उडत होतं म्हणून चाललं.

फिन रुळावर ठेवल्यासारखी. इकडची तिकडे होत नाही. बोटीच्या लाटेबाहेर गेले, दोराने आडवं खेचलं, तरी शेपूट हललं नाही. मात्र परत आत वळायचं म्हटलं तर बोर्ड ऐकेच ना. दोनदा संपूर्ण ताकद लावली, दोन्हीदा पाण्यात.

बोर्डाच्या मध्यावर आखलेल्या आडव्या रेघेच्या पुढे एक पाऊल टाकलं नाही. पहिलाच दिवस आहे म्हणून.

अक्काला लिहिलं, साडेदहा पक्की. तिचं उत्तर: नऊ लावून बघ, मग बोल.

२६ जून, गुरु.

शाळा सुरू. मी खेळाची शिक्षिका, कंत्राटी. दरवर्षी सप्टेंबरात सही होते. पहिल्याच दिवशी हेडसरांना रजेचं सांगितलं, ११ ते १८ ऑगस्ट. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. पंधरा ऑगस्टची परेड, लेझीम, झेंडावंदन, सगळं माझ्याकडे. बघू म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे नाही. पण तोंडाने नाही म्हणालेले नाहीत.

२९ जून, रवि.

नऊची लावली. बाबांनी परवाच पुरी केली. बोर्ड लगेच ऐकतो. टाचेवर थोडा भार दिला की वळला. आणि बाहेर गेले, दोराने खेचलं, मी दोन पावलं पुढे टाकली, तेव्हा शेपूट घसरलं. पडले. परत तेच. पाच वेळा.

काठावर येऊन म्हटलं, फिन लहान पडते.

शेवंताबाई इंजिन झाकत होत्या. म्हणाल्या, मले पात्याचं समजत नाई, पायाचं दिसते. "पुढं गेली का तू मागं वळून पाह्यते. तवाच घसरते."

म्हटलं, मी नाही बघत. त्यांनी इंजिनवर ताडपत्री बांधली.

घरी आले. खूप राग. कोणाचा ते माहीत नाही.

४ जुलै, शुक्र.

त्या दिवसाचं लिहूनच टाकते.

नोव्हेंबर. किनाऱ्यावर एक छोटी स्पर्धा होती. आदल्या दिवशी मी फिन खाचेत पुढे सरकवली होती. फिन पुढे घेतली की बोर्ड चपळ होतो, वळणं झटपट येतात, बघणाऱ्यांना आवडतात. सकाळी घाईत होते. स्क्रू नीट आवळला नाही. माहीत होतं, अर्धा फेरा राहिला आहे. म्हटलं, एका फेरीपुरतं चालेल.

लाट चांगली मिळाली. चालत नाकापर्यंत गेले, दोन्ही पायांची बोटं टोकावर. आणि मागे फिन सरकली. शेपूट सुटलं, मी पडले, बोर्ड उलटा फिरून माझ्यावर आला आणि फिनने उजवी पोटरी उघडली. सतरा टाके. फिन वाळूच्या बांधावर आपटून मुळापासून गेली.

सगळ्यांना सांगितलं, लाट वाईट होती, फिनची पकड कमी पडली. अक्कालाही. बाबांनाही. ती दहा इंचांची होती. तिची पकड कमी नव्हती.

शेवंताबाई खरं बोलल्या. मी मागे बघते. फिन जागेवर आहे का ते बघते.

७ जुलै, सोम.

काल रविवारी परत नऊची. या वेळी मान वळू द्यायची नाही असं ठरवून. चारपैकी दोनदा जमलं. पण नवीन भानगड आहे. वेग वाढला की फिन गुणगुणते. बोर्डभर कंप येतो, तळपायाला मुंग्या. साडेदहाचीही तशीच गुणगुणत होती, तेव्हा इंजिनचा आवाज समजले होते.

अक्काला आवाज पाठवला. तिने लगेच ओळखलं. फिनची मागची कड जाड असेल तर पाणी सुटताना ती थरथरते. मागची कड पातळ हवी, जवळजवळ धारेसारखी.

बोटाने बघितलं. पुढची कड गोल, बरोबर. मागची चांगली करंगळीच्या अर्ध्याएवढी जाड. बाबांचा हात असा चुकत नाही. कपाटाची पट्टी ते डोळे मिटून सारखी करतात.

८ जुलै, मंगळ.

विचारलं. बाबा करवतीला धार लावत होते. थांबले नाहीत.

"धार म्या ठेवलीच नाई."

"काऊन?"

"तुही पोटरी म्या पाह्यली हाय. तू आली तवा पट्टी मीच बदलवत होतो. आता माह्याच हातानं तसंच पातं करून देऊ का?"

म्हणजे महिनाभर त्यांना माहीत होतं. पुठ्ठ्यावर मी कड पातळ काढली होती, तीही त्यांनी बघितली होती. तरी दोन्ही फिन जाड ठेवल्या आणि काही बोलले नाहीत.

मग मी सांगितलं. स्क्रूचं. अर्धा फेरा. सगळं, जसं चार तारखेला इथे लिहिलं तसं. सांगताना त्यांच्या हातातल्या कानशीकडे बघत होते. बाबांनी ऐकून घेतलं. रागावतील वाटलं, रागावले नाहीत. एवढंच विचारलं की, दोन वर्षं होत आली, हे सांगाले एवढे दिवस काऊन लागले. 

रात्री जेवण झालं. ताट उचलताना म्हणाले, पातळ म्हंजे किती पातळ, ते बरोबर सांग.

१० जुलै, गुरु.

आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाची सुरुवात, बाबा पांढरा सदरा घालून सकाळीच गेले. मी शाळेतून परस्पर. वंदनेनंतर दोघं चालत घरी आलो. वाटेत बाबांनी विचारलं, त्या अक्काले लेकरं किती. सांगितलं, दोन. विचारलं, समुद्राचं पाणी खारट म्हंजे डोळ्यात गेलं तर काय करता. सांगितलं. असे सात-आठ प्रश्न. एवढ्या वर्षांचे साठवलेले.

घरी येऊन सदरा खुंटीला लावला आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. अर्धी कड त्यांनी घासली, अर्धी मला दिली. बोटाने बघत राहिलो, दोन्हीकडून सारखी येते का. एका बाजूला कमी-जास्त झाली की बोर्ड तिकडे ओढतो. पूर्ण धार नाही, नख ओढलं तर ओरखडा येईल इतपत. टोक मात्र बाबांनी गोल केलं, आणि त्यावर मी काही म्हटलं नाही. गोल टोकाने काही बिघडत नाही.

१३ जुलै, रवि.

गुणगुण गेली. एकदम. पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

आज तिसरी पद्धत बघितली. माझ्या बोर्डाला मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या खाचा आहेत. मध्ये सात इंची फिन आणि बाजूंना दोन बारक्या. या तिन्ही माझ्याकडे जुन्या होत्या, प्लॅस्टिकच्या. मोठ्या, घाईच्या लाटेत बरं पडतं म्हणतात. तलावात बोर्ड चुळबुळ करत होता, प्रत्येक हालचालीला जास्तच उत्तर. वळणं मजेची. पण पुढे चालत गेले की मधली छोटी फिन पाण्याबाहेर यायला बघते आणि बाजूच्या दोघी काहीच धरत नाहीत. शेवंताबाईंनी बोटीतूनच हात हलवला, हे नको. मलाही नको. बाजूच्या खाचा मोकळ्याच राहू दे.

म्हणजे एकच फिन. नऊची की साडेदहाची, एवढंच उरलं.

२० जुलै, रवि.

नऊची. पार मागे. पहिल्या तीन वेळा घसरले. मग शेवंताबाईंनी सांगितलं की माह्याकडं पाह्य, मी सांगीन तवाच खाली पाह्यजो. त्यांनी बोट सरळ नेली आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या, एक हात इंजिनवर. मी त्यांच्या कपाळाकडे बघत एक पाऊल, दुसरं, तिसरं. पाय एकावर एक टाकून, जसं शिकले तसं. बोर्डाच्या पुढच्या भागात उभी. नाकापर्यंत नाही, दोराने ओढताना तिथे गेलं तर नाक बुडेल. पण मधल्या रेघेच्या चांगलं पुढे. दहा-बारा सेकंद.

मग पडलेच, आणि पाण्याखाली फिन नडगीला लागली. वर आले. पाय चाचपून बघितला. काळंनिळं होईल. कापलं नाही.

शेवंताबाईंनी बोट वळवून आणली. काय झालं विचारलं. म्हटलं, लागली. त्या म्हणाल्या, बसते का वर? म्हटलं, नाई. दोर टाका.

२४ जुलै, गुरु.

हेडसरांनी बोलावलं. विचारलं, तुम्ही गेलात तर परेडचं काय. मी तयारी करून गेले होते. गणिताच्या मॅडमना तीन आठवडे सकाळी परेड शिकवते आहे, त्यांचा आवाज माझ्याहून खणखणीत आहे. लेझीमच्या पोरी स्वतः ताल मोजतात. सगळं कागदावर लिहून दिलं, मिनिटासकट.

सर म्हणाले, प्रश्न परेडचा नाही, कंत्राटाचा आहे. सप्टेंबरात वर विचारतील की झेंडावंदनाला खेळाच्या बाई कुठे होत्या. मी काय सांगू?

म्हटलं, खेळायला गेल्या होत्या.

त्यांनी चष्मा काढून पुसला. रजेवर सही केली. खाली लिहिलं, विनावेतन. सप्टेंबरचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. 

३ ऑगस्ट, रवि.

तलावावरचा शेवटचा दिवस. मुद्दाम दोन्ही फिन लावून पाहिल्या, अर्धा-अर्धा तास. आता दोघींच्याही कडा पातळ.

साडेदहा: पडले शून्य वेळा. वळले एकदाच, तेही रडतखडत.

नऊ: पडले चार वेळा. वळले म्हणेन तिथे. पुढे गेले पाच वेळा, त्यातल्या तीनदा मान सरळ.

हे लिहिताना स्वच्छ दिसतं. साडेदहाची घेतली तर पडणार नाही आणि जिंकणारही नाही. लाटेवर योग्य जागी जायलाच वळावं लागतं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मोठी कापून मधली करू का, पावणेदहाची? चांगली वाटली कल्पना. लगेच हो म्हणणार होते. मग म्हटलं, नको. मधली केली की तिच्यावरही महिनाभर विचार करत बसेन. दोन आहेत, पुरे. बाबांनी मान हलवली आणि दोन्हींना पॉलिशचा शेवटचा हात दिला. मोठीलाही. मी म्हटलं, तिला कशाला. म्हणाले, केली हाय तर नीट करू.

शेवंताबाईंनी जाताना सुक्या मासळीची पुडी दिली. अक्कासाठी. समुद्रकाठी मासळी न्यायची म्हणजे. पण देताना त्या इतक्या गंभीर होत्या की घेतली.

११ ऑगस्ट, सोम.

बल्लारशा स्टेशन. पार्सल ऑफिसात बोर्डाची लांबी बघून बाबू म्हणाला, हे काय आहे? बाबांनी सांगितलं, "पोरीचं हाय. समुद्रावर चालाचं." बाबू काही समजला नाही पण पावती फाडली. बाबांनी स्वतः चार ठिकाणी कापूस आणि पोतं बांधलं, कोपरे जास्त. फिन माझ्या पिशवीत, कपड्यांत.

आईचा कोरपन्याहून फोन. ताईला मुलगी झाली, तीन किलो. त्या गडबडीत माझं 'येते' राहूनच गेलं.

गाडी यायला चाळीस मिनिटं. बाबांनी विचारलं, शिबिरात घेतलं तर मग तिकडेच राहशीन? म्हटलं, वर्षभर. आणि नाई घेतलं तर? म्हटलं, सप्टेंबरात सही झाली तर शाळा. नाही झाली तर बघू. त्यांनी 'बघू' ऐकून घेतलं. गाडी हलल्यावर ते डब्याबरोबर थोडे चालले, मग थांबले. हात वर केला नाही. मीही नाही.

१३ ऑगस्ट, बुध.

समुद्र. एकवीस महिन्यांनी. पहिल्या लाटेने नाकातोंडात पाणी घातलं. बरं वाटलं.

अक्काने दोन्ही फिन हातात घेऊन प्रकाशात धरल्या. कडेवर अंगठा फिरवला. हे कोणी केलं, तिने दोनदा विचारलं. तिच्या भाषेत म्हटलं, अप्पांनी. मग स्क्रूचं तिलाही सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मुझे पता था. बॉक्स में निशान था." बॉक्स म्हणजे फिनची खाच. तिला तेव्हापासून माहीत होतं. मीच सांगेन म्हणून थांबली होती.

लाटा कमरेएवढ्या, सावकाश. नऊची, पार मागे. समुद्रात तलावापेक्षा वेगळंच. इथे लाट खालून उचलते, दोर नाही, ओढणारं कोणी नाही. बोर्ड जरा अडून वळत होता म्हणून बाहेर येऊन फिन बोटभर पुढे घेतली. तेवढ्यानेच फरक. सकाळच्या अकरा लाटा. नाकापर्यंत एकदा.

एकदाच. पण दोन्ही पायांची बोटं टोकावर होती.

१४ ऑगस्ट, गुरु.

पहिली फेरी. पाण्यात चौघी, पुढे दोघी जाणार. समोरच्या मुली विशीतल्या, रोज समुद्रात. मी वीस मिनिटांत सहा लाटा घेतल्या. पहिल्या दोन फुकट, घाई केली. तिसरीवर थांबले, वळले, जागा मिळाली, चालले. पाचवीवर जास्त वेळ राहिले. कुठे बघत होते आठवत नाही, म्हणजे मागे नव्हते बघत.

दुसरी आले. उपांत्य फेरी परवा सकाळी, तिथून पुढे गेले की पहिल्या चौघींत. उद्या गावात झेंडावंदन, स्पर्धेला सुट्टी.

बाबांना फोन. दुसरी आले म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, पातं कसं हाय. म्हटलं, चांगलं आहे. पानी धरून पट्ट्या फुगल्या का? नाही. कापड सुटलं का कुठी? नाही. मग म्हणाले, बरं.

१५ ऑगस्ट, शुक्र.

गणिताच्या मॅडमनी परेडचा व्हिडिओ पाठवला. ओळी सरळ. लेझीमच्या पोरींनी शेवटी ताल चुकवला आणि स्वतःच सावरला. हेडसरांचा निरोप काही नाही.

दुपारपासून वारा. संध्याकाळी पाणी चढलं. अक्का म्हणते उद्या डोक्याएवढ्या लाटा येतील, जोरात, अंगावर कोसळणाऱ्या. बाकीच्या मुली अंगणात बसून फिन बदलत होत्या. दोघींनी मोठ्या लावल्या. एकीने बाजूच्या दोन बारक्या घातल्या. एका जागी बसून सगळ्या एकमेकींच्या बोर्डाकडे बघत होत्या.

अक्काला विचारलं, तू काय लावशील? म्हणाली, मी सत्तर किलोची आहे, माझं ऐकू नको.

दोन्ही फिन मांडीवर घेऊन बसले. साडेदहाची हातात किती छान बसते.

१६ ऑगस्ट, शनि. सकाळ

लाटा खरंच मोठ्या. वाळूवर उभं राहून सहा वेळा मोजल्या. मधल्या दोन लाटांच्या मध्ये जागा आहे, पण तिथे पोचायला झटकन वळावं लागेल आणि मोठी फिन वळू देणार नाही. हे काल रात्रीपर्यंत डोक्याला माहीत होतं, आज पायांनाही पटलं.

नऊची लावली. बोटभर पुढे घेतलेली परत मागे नेली, जितकी जाते तितकी. लाटेत जोर आहे, वळायला मदत तीच करेल, पकड मागून हवी. बरोबर आहे की चूक, ते पाण्यातच कळेल. साडेदहाची पिशवीत घातली आणि पिशवीची चेन लावली.

पुरुषांची फेरी संपत आली. माझी जर्सी लाल. हातावर दोन ओरखडे, पोटरीवरचा व्रण पांढरा दिसतो आहे. भीती वाटते आहे, लिहून ठेवते.  तलावावर वाटायची त्याहून जास्त.

अक्का हाक मारते आहे. वही तिच्याकडे देते. तिला मराठी वाचता येत नाही, बरं आहे.